घरत मॅडमचे रविवार

आमच्या डायलिसिस केंद्रात नवीन मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला मशीन दाखवत नाही. एकच गोष्ट सांगते. पेशंटला "का" म्हणून विचारायचं नाही. पाणी जास्त का प्यायलात, गोळ्या का चुकवल्या, उशीर का केला, हे सगळं बंद. "काल सकाळपासून काय काय झालं ते सांगा," एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मुली आधी हसतात. मीही हसले होते. मला हे ज्यांनी सांगितलं त्या घरत मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. खडूची पूड पदराला पुसत, दिवसभर ओझं वाहून आलेल्या माणसाच्या आवाजात त्या म्हणाल्या होत्या, "का विचारलं की माणूस कारण शोधतो. सापडलं नाही की खोटं सांगतो. खोटं सांगितलं की आपण ओरडतो. मग सुरुवातच कशाला करायची?"

हा त्यांच्या पहिल्या रविवारचा पहिला तास होता.

दवाखान्यात डॉक्टर आणि नर्स सोडून बरीच माणसं असतात. एक्स-रे काढणारे, रक्त तपासणारे, व्यायाम करून घेणारे, औषधाच्या खिडकीत बसणारे, आमच्यासारखे डायलिसिसचे तंत्रज्ञ. पेशंट आमच्याशीच जास्त बोलतो, पण त्याच्याशी कसं बोलायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. अशा लोकांसाठी वर्तनशास्त्राचा एक अर्धवेळ अभ्यासक्रम पेणमध्ये सुरू झाला. वर्ग दर रविवारी, एका शाळेतल्या पाचवीच्या खोलीत. बाक लहान, गुडघे वर यायचे. शनिवारची पाळी संपवून आलेले आम्ही बारा-पंधराजण आणि फळ्यासमोर रोह्याहून एसटीने आलेल्या मॅडम. त्या तिथल्या एका रुग्णालयात समुपदेशक होत्या. आठवडाभर त्याच कामात, आणि रविवारी पुन्हा तेच शिकवायला पेणला.

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. गडबला हायवेच्या कडेला माझ्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान आहे. शिकणं म्हणजे फळ्यावरचं सगळं उतरवून घेणं, इतकंच मला माहीत होतं. म्हणून मी पहिल्या बाकावर बसून मॅडमचा शब्द न् शब्द लिहायची. दुसऱ्याच रविवारी त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"गाव कुठलं तुझं?"

"गडब."

"गडब, लिहिणं थांबव. मी काय सांगते ते नको बघू, मोकलचं तोंड बघ. त्याला माझं पटलेलं नाही."

त्यानंतर वर्षभर मी "गडब" होते. कासूचा मुलगा कासू, वडखळची मुलगी वडखळ. मोकल मात्र मोकलच राहिला, कारण तो रोह्याचा, आणि रोह्याचे तिघेजण होते. मोकल एक्स-रे काढायचा, चाळिशीचा होता आणि त्याला कशाचीही थट्टा केल्याशिवाय राहवत नसे. तो एकदा म्हणाला, "मॅडम, आम्ही पेशंटला तीन नंबर, चार नंबर म्हटलं की तुम्ही चिडता. आणि आम्हाला गावाच्या नावानं हाका मारता ते चालतं?"

"गाव तुझं आहे," मॅडम म्हणाल्या. "तीन नंबर मशीनचा आहे."

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, बुटक्या, अंगानं भरलेल्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बोलता बोलता थांबायच्या, आम्हाला वाटायचं पुढचं विसरल्या, पण त्या थांबलेल्याच असायच्या. त्यांच्या पिशवीत पुस्तकं कमी आणि डबे जास्त. एका डब्यात मोड आलेले वाल असत. आम्ही दोघादोघांत पेशंट आणि तंत्रज्ञ होऊन बोलायचा सराव करत असू, तेव्हा मॅडम टेबलामागे बसून वाल सोलायच्या. डाळिंब्या एका डब्यात, सालं दुसऱ्यात. पहिल्यांदा आम्हाला ते विचित्रच वाटलं. शिकवायला आलेली बाई आणि वाल सोलते. त्यांनी आमच्या तोंडावरचं ओळखलं.

"घरी गेल्यावर वेळ नसतो," त्या सरळ म्हणाल्या. "यांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. एक बाजू गेली. रविवारी शेजारीण बसते त्यांच्याजवळ. रात्री बिरडं झालं पाहिजे, त्यांना तेवढंच आवडतं." मग डबा पुढे सरकवला. "आणि तुम्हीपण घ्या. हात कामात असले की मधे मधे बोलायची खाज कमी होते. ऐकणाऱ्याला हे लागतं."

तेव्हापासून सराव चालू असताना वर्गात प्रत्येकाच्या मुठीत वाल असायचे. मोकल म्हणायचा, "वर्षाअखेर आपल्याला प्रमाणपत्र नाय, बिरडं मिळणार."

एक तास मी कधी विसरणार नाही. मॅडमनी विचारलं, "काल पाळी संपताना शेवटच्या पेशंटला तुम्ही जे शेवटचं वाक्य बोललात, ते सांगा. आठवून, खरं." आम्ही एकेक सांगत गेलो, त्या फळ्यावर लिहीत गेल्या. श्वास रोखा. हलू नका. मूठ आवळा. रिपोर्ट उद्या. सुटे द्या. पुढे सरका. किती वेळा सांगायचं तुम्हाला. माझं वाक्य होतं, "मंगळवारी वजन वाढवून येऊ नका."

फळा भरला. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि आमच्याबरोबर फळ्याकडे बघत राहिल्या.

"यातल्या एकाला तरी पेशंट उत्तर देऊ शकतो का?" त्यांनी विचारलं.

 मोकल म्हणाला, "मॅडम, बाहेर तीस माणूस रांगेत असतंय. उत्तर ऐकत बसलो तर रात्र व्हायची."

मला वाटलं, आता मॅडम त्याला काहीतरी सुनावतील. त्या म्हणाल्या, "खरं आहे तुझं. मलापण दिवसाला चाळीस बघायला लागतात. तीस जणांचं नको ऐकू. एकाचं ऐक. रोज एकाचं." आणि जरा थांबून, "तेवढंच जमतं. मला तेवढंच जमलंय."

असं बोलणारा शिक्षक मी पाहिला नव्हता. आमच्या शाळेत जो शिकवायचा त्याला सगळं जमलेलं असायचं.

दुसऱ्या सहामाहीत प्रत्येकाला आपल्या कामाच्या जागी पेशंटची एक सवय बदलून दाखवायची होती. मी पाण्याची सवय घेतली. किडनी काम करत नसलेल्या माणसानं प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. ते आम्ही मशीननं काढतो. म्हणून पेशंट आला की आधी काट्यावर उभा करायचा. अंगात जादा पाणी नसताना त्याचं जे वजन असतं, त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो. आज त्याच्यापेक्षा जितकं जास्त, तितकं पाणी काढायचं. उन्हाळ्यात लोक तांबेच्या तांबे पाणी पिऊन यायचे आणि आम्ही त्यांना झापायचो. झापून कोणाची तहान कमी झाली नव्हती.

मॅडमनी विचार करून सांगितलं, "ओरडणं बंद करून बघ. ज्याचं वजन कमी वाढलं असेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाकीच्यांना काही बोलायचं नाही."

"टाळ्या? मॅडम, म्हातारी माणसं आहेत."

"म्हाताऱ्यांसाठी कोण वाजवतं?" त्या म्हणाल्या.

आम्ही सुरू केलं. पहिल्या दिवशी सगळे लाजले, दुसऱ्या आठवड्यात माणसं काट्यावर चढायच्या आधी चपला काढून, खिशातला मोबाइल बाजूला ठेवून उभी राहू लागली. ज्यांचा एक हात सुईला जोडलेला ते दुसऱ्या हातानं मांडीवर थापटून टाळी वाजवायचे. खोलीत हसू येऊ लागलं. आणि त्या हसण्यात सगळ्यात पुढे होते नामदेवकाका.

नामदेवकाका कासूच्या आतल्या बाजूचे. भाताची थोडी शेती, भात निघाल्यावर त्याच जमिनीत वाल, आणि मधली बरीच वर्षं डोलवीच्या कंपनीत कंत्राटदाराकडे माल चढवायचं काम. मंगळवार आणि शुक्रवार त्यांची पाळी. पूर्वी आमचा सगळ्यात जास्त ओरडा त्यांनाच बसायचा. टाळ्या सुरू झाल्यावर महिन्याभरात त्यांचा पहिला नंबर येऊ लागला. काट्यावरून उतरताना ते दोन्ही हात वर करायचे, कबड्डीत गडी बाद केल्यासारखे. "बघ गो पोरी," मला म्हणायचे, "आता बोल काय बोलतेस." मी मॅडमना सांगितलं. त्यांनी वर्गाला सांगितलं. मोकलनं वर्गातसुद्धा काकांसाठी टाळ्या वाजवल्या.

मग एका मंगळवारी काका रिक्षातून उतरले तेच धापा टाकत. त्यांना आडवं होता येईना. काट्यावर वजन मात्र अगदी कमी. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पायाचे घोटे दाबून बघितले, दंड चिमटीत धरून बघितला आणि सगळं लक्षात आलं. काका वाळले होते. अंगातलं मांस कमी झालं होतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतली होती. काटा दोघांचं मिळून सांगतो, वेगवेगळं सांगत नाही. काट्यावर कमी दिसायचं म्हणून आम्ही कमी पाणी काढत होतो आणि टाळ्या वाजवत होतो.

कुंदाकाकी, काकांची बायको, दारातूनच म्हणाली, "जेवतच नाय वो. यायच्या आधी दोन दिस सांजचा भात सोडतो. पेजसुद्धा नाय. म्हनतो, काटा वर जाईल."

डॉक्टर घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस ओरडतो. खोलीतले सगळे ऐकत असताना ते काकांना म्हणाले, "कोणी सांगितलं उपाशी राहायला? स्वतःची अक्कल चालवायची नाही! मरायचं असेल तर घरी मरा." काकांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ते छताकडे बघत राहिले. त्या दिवशी जास्त वेळ मशीन लावलं, पाणी काढलं, कोरडं वजन बदलून खाली आणलं. काका उठून गेले तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी ते आले नाहीत. फोन लावला तर काकी म्हणाली, "येत नाय म्हनतोय," आणि रडायला लागली. डायलिसिसचा पेशंट यायचा बंद झाला की पुढे काय होतं हे आमच्या खोलीत सगळ्यांना माहीत असतं. त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्या दिवशी काकांचं तीन नंबर मशीन रिकामं होतं, आणि बाकीचे पेशंट त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधीच मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मधे एकच प्रश्न विचारला, "भात कधीपासून सोडला?" मी म्हटलं, टाळ्या सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग वर्गासमोर उभं राहून सांगितलं, "मी एक चूक केली आहे. आपल्याला बदलायचं होतं पाणी पिणं. मी टाळ्या लावल्या काट्याच्या आकड्याला. त्या माणसानं आकडा कमी केला, जसा त्याला करता आला तसा. त्याचं काही चुकलेलं नाही. हे परीक्षेत येणार नाही, पण लक्षात ठेवा." आणि मोकलला म्हणाल्या, "तू घे आजचा वर्ग."

"मी? मी काय घेऊ मॅडम?"

"सराव घे. आणि तोंड बंद ठेव."

आम्ही दोघी रिक्षानं कासूला गेलो.  वाटेत त्यांनी रोह्याला शेजारणीला फोन करून, आज उशीर होईल, त्यांना कुशीवर वळवा, एवढं सांगितलं.

काका पडवीत भिंतीला दोन उशा लावून बसले होते, झोपता येत नव्हतं म्हणून. पाय सुजले होते. आम्हाला बघून काकीला म्हणाले, "च्या टाक." जणू आम्ही लग्नाचं आमंत्रण घेऊन आलो होतो. मॅडम खाली बसल्या.

"काल सकाळपासून काय काय झालं, काका?"

"काय व्हायचंय. हाय मी बरा."

मॅडम थांबल्या. वर्गात थांबायच्या तशाच. चहा आला, संपला. मी वाट बघत होते की आता काका बोलतील, कारण आम्हाला शिकवलं होतं की थांबलं की माणूस बोलतो. काका बोलले नाहीत. कोंबड्या अंगणात फिरत होत्या.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "टाळ्यांची कल्पना माझी होती. या पोरीची नाही, डॉक्टरांची नाही."

काकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुमची व्हय? टाळी वाईट नव्हती बाई." त्यांना दम लागत होता, दोन-दोन शब्द बोलून थांबत होते. "एवढा भात लावला. कंपनीत गोनी उचलल्या. कोन टाळी वाजवतो? इथं वाजवली. नातवाला सांगितलं मी. तो म्हनला, आजा पहिला आला." मग नजर पुन्हा अंगणाकडे वळवली. "आता त्याच खोलीत, सगल्यांदेखत बोलले. आता त्या खोलीत तोंड नाय दाखवायचं."

"जीव जाईल तुमचा," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"जाऊ दे गो."

काकी पदराआड रडत होती. मी मॅडमकडे बघितलं. एवढं शिकलेल्या, एवढी वर्षं हेच काम केलेल्या. त्यांच्याकडे एखादा शब्द असेल असं मला वाटत होतं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"मला काही सुचत नाही, काका," त्या म्हणाल्या. "खरंच सुचत नाही. तुम्हाला तिथं तोंड दाखवायचं नाही. मलापण नाही दाखवायचं. पण ओरडा माझा होता, तो तुम्हाला बसला. उद्या दुपारी मशीन रिकामं आहे, हो ना गडब? उद्या मी त्या खोलीत जाते. डॉक्टरांना आणि सगळ्यांना सांगते की हे माझं डोकं. तुम्ही आलात तर तुमच्यासमोर सांगेन. नाही आलात तर तुमच्या मागे सांगेन. तुमच्यासमोर सांगितलं तर मला बरं वाटेल."

 निघताना मॅडमना उठताना त्रास झाला, गुडघा धरला. काकांनी बसल्या जागेवरून काकीला खूण केली, "हात दे गो त्यांना."

रिक्षात मी विचारलं, "येतील का?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. वर्षभरात हे उत्तर त्यांनी आम्हाला बऱ्याचदा दिलं होतं, पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही.

तो अभ्यासक्रम पुढच्या वर्षी बंद झाला. रविवार द्यायला पुरेशी माणसं मिळेनात. मॅडमनी नोकरी सोडली आणि यजमानांना घेऊन मुलीकडे नाशिकला गेल्या. त्याआधी आमचे शेवटचे दोन वर्ग रोह्याला झाले, परीक्षा झाली, प्रमाणपत्रं मिळाली, मोकलनं सगळ्यांना वडापाव दिला. तेव्हाही मी मॅडमना पाहिलं. पण त्यांचं नाव निघालं की मला तो सोमवारच दिसतो.

मॅडम आधी आल्या. नवऱ्याचं सगळं आवरून, रजा टाकून, रोह्याहून. दाराशी उभ्या राहिल्या. ठरलेली वेळ टळून गेली. डॉक्टर म्हणाले, बसून घ्या. त्या बसल्या नाहीत. मग फाटकाशी रिक्षा थांबली आणि काकीनं आधी एक उशी बाहेर काढली, मग काकांना.

काका आत येईपर्यंत मॅडम थांबल्या. त्यांनी मोठं भाषण केलं नाही. खोलीच्या मध्ये उभं राहून म्हणाल्या, "टाळ्या मी सुरू करायला सांगितल्या. जेवणाचं काय होईल याचा विचार मी केला नाही. काकांना जे ऐकावं लागलं ते माझ्या वाट्याचं होतं."  पलीकडच्या खाटेजवळ बसलेली एका पेशंटची आई म्हणाली, "माज्या मुलानं पन जेवन कमी केलेला, मीच बोलली नाय." डॉक्टर काकांजवळ गेले, काही वेळ रक्तदाबाचा पट्टा हातात घेऊन उभे राहिले. "मी रागावून बोललो त्या दिवशी," ते म्हणाले. "तसं बोलायला नको होतं." काका म्हणाले, "लावा आता मशीन. दम नाय निघत."

मी सुया लावल्या. मशीन सुरू झालं. मॅडमना एसटीला वेळ होता, त्या काकांच्या खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकल्या. मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. परत वळले तर मॅडम बसल्या जागी गाढ झोपल्या होत्या. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं, हात मांडीत उताणे पडलेले.

तेवढ्यात काकांचं मशीन वाजायला लागलं. साधंच होतं, हात हलला की नळी वाकते. काकांनी घाईघाईनं हात सरळ केला आणि मोकळ्या हातानं मला जवळ बोलावलं.

"आवाज बंद कर गो," ते हळू म्हणाले. "बाई झोपल्यात. मी नाय हलत."

आणि मशीन संपेपर्यंत ते खरंच हलले नाहीत.